इंग्रजी परिच्छेद लिहिण्याचा अभ्यास कसा करावा?

(विहारात भरणाऱ्या रविवारच्या अभ्यासवर्गात विद्यार्थी व त्यांचे पालक यांच्यापुढे केलेले भाषण)



आजच्या भाषणाचा विषय ऐकून तुमच्यापैकी काहींची निराशा झाली असेल. विहारात उभा राहून इंग्रजी व्याकरणावर बोलणारा मनुष्य तुम्ही बहुधा प्रथमच पाहत असाल. हा विषय शाळेत शिकवितातच, मग येथे त्याचे प्रयोजन काय, असे कोणी विचारले तर तो प्रश्न गैर म्हणता येणार नाही. त्याचे उत्तर म्हणून मी माझीच एक चूक तुमच्यापुढे मांडतो.

मी नववीत असताना इंग्रजी लिहिणारा मुलगा म्हणून आमच्या वस्तीत माझा लौकिक होता. लौकिक कसला, इतरांना मुळीच येत नव्हते, म्हणून मला येते असे ठरले होते! माझे चुलते एका ठेकेदाराकडे मजुरीला होते. त्यांची तीन आठवड्यांची मजुरी मुकादमाने परस्पर उचलली आणि पुढे चारचौघांसमक्ष तसे कबूलही केले. चुलते मला म्हणाले, "पोरा, वरच्या साहेबाला अर्ज लिही. त्यात लिही की, मुकादम म्हणाला की मजुरी मी घेतली आहे." मी शब्दास शब्द ठेवून लिहिले, ‘द मुकादम सेड दॅट आय हॅव टेकन द वेजेस.’ स्पेलिंग तपासले, अक्षर वळणदार काढले, चुलत्यांनी खाली अंगठा उठविला. आठ दिवसांनी अर्ज परत आला. त्यावर शेरा होता की, तुमची मजुरी तुम्ही घेतली आहे असे मुकादम सांगतो हे तुम्हीच लिहिता, मग तक्रार कशाची?

त्या वाक्यात स्पेलिंगची एकही चूक नव्हती. क्रियापद योग्य, काळाचे रूप योग्य, शब्दांचा क्रम योग्य. परंतु वाक्याने साक्ष फिरविली होती. मराठीत ‘तो म्हणाला की’ यानंतर जो ‘मी’ येतो तो बोलणाऱ्याचा ‘मी’ असतो. आपण दुसऱ्याचे बोलणे जसेच्या तसे उचलून पुढे ठेवतो आणि ऐकणाराही ते तसेच समजतो. इंग्रजीत ‘दॅट’नंतर येणारा ‘आय’ मात्र अर्ज लिहिणाऱ्याचा असतो. मुकादमाने दिलेली कबुली माझ्या हातून चुलत्यांवरचा आरोप होऊन बसली. खरे वाक्य असे हवे होते, ‘द मुकादम सेड दॅट ही हॅड टेकन माय वेजेस.’ मजुरी पुढे मिळाली, पण त्यासाठी कबुली ऐकणाऱ्या चौघांना दिवस मोडून साहेबापुढे उभे करावे लागले. त्या चौघांची त्या दिवशीची मजुरी बुडाली, ती कोणी भरून दिली नाही. चुलते मला रागावले नाहीत. त्यांनी एवढेच विचारले, "लिहिताना ‘मी’ म्हणजे कोण, हे तू मला विचारले का नाहीस?"

तो प्रश्न मी आजपर्यंत विसरलेलो नाही. पुढे अनेक वर्षे मुलांच्या वह्या तपासताना मला असे दिसून आले की, आपल्या मुलांच्या इंग्रजीतील निम्म्याहून अधिक घोटाळा ‘कोण’ आणि ‘केव्हा’ या दोन प्रश्नांभोवती असतो. व्याकरणाचे नियम त्यांना पाठ असतात. परीक्षेत रिकाम्या जागा ती बिनचूक भरतात. सुटे वाक्य दिले तर दुरुस्त करतात. पण त्याच मुलाला आठ ओळींचा परिच्छेद लिहावयास सांगा. तिसऱ्या ओळीत काळ बदलतो, पाचव्या ओळीत ‘ही’चा ‘दे’ होतो, सातव्या ओळीत विषयच निराळा होतो. सुटे वाक्य सांभाळणे वेगळे आणि आठ वाक्ये एका दोरीत ओवणे वेगळे. अर्ज, जबाब, मुलाखतीपूर्वी लिहून द्यावयाचे निवेदन यांपैकी एकही गोष्ट एका सुट्या वाक्याची नसते.

इंग्रजीची एवढी मातब्बरी कशाला, आपली मराठी काय कमी आहे, असा आक्षेप येतो. मराठी कमी आहे असे मी म्हणणार नाही. ज्यांनी १९२० साली ‘मूकनायक’ आणि १९२७ साली ‘बहिष्कृत भारत’ मराठीतून चालविले, त्या बाबासाहेबांनीच १९१९ साली मताधिकाराचा विचार करणाऱ्या साउथबरो समितीपुढे आपले निवेदन इंग्रजीतून मांडले. त्यापूर्वी १८८२ साली जोतीराव फुले यांनी हंटर आयोगाला दिलेले निवेदनही इंग्रजीतच आहे. आपल्या माणसांशी मराठीत बोलावे आणि ज्याच्या हाती निर्णय आहे त्याला त्याच्या भाषेत, त्याला दुसरा अर्थ काढता येणार नाही असे सांगावे, ही ती रीत होती. आजही संविधानाच्या ३४८व्या अनुच्छेदाप्रमाणे सर्वोच्च न्यायालयाचे व उच्च न्यायालयांचे कामकाज मुख्यतः इंग्रजीतून चालते. महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीच्या वर्गापासून इंग्रजी शिकविले जाते. म्हणजे तुमच्या घरातील मूल सहाव्या-सातव्या वर्षापासून ही भाषा ऐकत आहे. त्या ऐकण्याचे लिहिण्यात रूपांतर कसे करावे, एवढाच आजचा माझा प्रश्न आहे.

प्रथम एक गैरसमज दूर करू. इंग्रजीत चुका करणारा मुलगा मंद असतो, असे मानण्याची आपल्याकडे वाईट खोड आहे. वस्तुतः त्याच्या बहुतेक चुका त्याला मराठी चांगली येते म्हणूनच होतात. त्याच्या मनात मराठीचा पक्का साचा आहे आणि तो इंग्रजी शब्द त्या साच्यात ओततो. म्हणून इंग्रजी शिकणाऱ्याने आधी आपली मराठी काय करते, ते नीट पाहिले पाहिजे.

आपली मराठी वडीलधाऱ्यांना अनेकवचन देते. ‘वडील आले, ते जेवले, आता ते झोपले आहेत.’ हे आदरार्थी बहुवचन. मूल इंग्रजीत लिहिते, ‘माय फादर केम. दे एट. नाऊ दे आर स्लीपिंग.’ वाचणाऱ्याला वाटते, वडिलांबरोबर आणखी कोणीतरी आले असावे. एका मुलाला मी ‘ही’ लिहावयास सांगितले, तर तो म्हणाला, "सर, वडिलांना ‘तो’ कसे म्हणू?" त्याचा संकोच मला समजतो. ज्यांच्या आजोबा-पणजोबांना उभ्या गावाने म्हातारपणीही अरे-तुरे केले, त्या घरातील मुलाला ‘ते’ या शब्दाची किंमत इतरांहून अधिक ठाऊक असते. पण इंग्रजीत ‘ही’ म्हटल्याने बापाचा मान जात नाही. त्या भाषेत राष्ट्रपतीही ‘ही’ किंवा ‘शी’च आहे. उलट तिची दुसरी बाजू पाहा. तिच्यात पाटलाला एक ‘यू’ आणि मजुराला दुसरा ‘यू’ असा भेद नाही. पूर्वी ‘दाऊ’ असा एक सलगीचा, प्रसंगी हलकेपणाचा शब्द होता. तो सतराव्या शतकाच्या सुमारास नेहमीच्या वापरातून मागे पडला आणि ‘यू’ सर्वांच्या वाट्याला आला. आदर दाखवावयाचा तर तो शब्दांच्या निवडीतून दाखवावा लागतो, वचन बदलून नव्हे.

दुसरी गोष्ट काळाची. आपण दारातून ओरडतो, ‘मी आलोच!’ आणि अजून चपला पायांत घालत असतो. रूप भूतकाळाचे, अर्थ भविष्याचा. ‘उद्या तू आलास तर बरे होईल’, येथेही ‘आलास’ हे रूप भूतकाळाचे आणि गोष्ट उद्याची. मराठीच्या कानाला यात काही खटकत नाही. मूल ते उचलून ‘इफ यू केम टुमॉरो’ असे लिहिते. इंग्रजीला तेथे ‘इफ यू कम टुमॉरो’ हवे असते. त्याचप्रमाणे ‘मी काल आलो आहे’ हे मराठीत चालते, म्हणून ‘आय हॅव कम यस्टरडे’ लिहिले जाते. इंग्रजीत ‘यस्टरडे’ म्हटले, वेळ नेमकी सांगितली, की तेथे साधा भूतकाळ, ‘आय केम यस्टरडे’. या दोन-तीन वळणांवर लक्ष ठेवले तर काळाच्या पुष्कळ चुका टळतात.

आता ‘अ’, ‘ॲन’ आणि ‘द’ ही उपपदे. मराठीत उपपद नाही, म्हणून ती आपणांस कळत नाहीत, असे मुले सांगतात. मला हे पटत नाही. आजीने सांगितलेली गोष्ट आठवा. ‘एक राजा होता. त्या राजाला दोन मुली होत्या.’ आजीने प्रथम ‘एक’ म्हटले, कारण राजाची ओळख व्हावयाची होती. ओळख झाल्यावर ‘त्या’ म्हटले. हेच इंग्रजीत, ‘देअर वॉज अ किंग. द किंग हॅड टू डॉटर्स.’ शाळेचे तोंड न पाहिलेली आजी उपपदाचा नियम रोज रात्री पाळत होती! सगळीच उपपदे या एका कुलपाला लागतात असे नाही; ‘द सन’, ‘द पोलीस’ यांची कारणे निराळी आहेत आणि ती वाचून वाचूनच अंगवळणी पडतात. पण परिच्छेदातील बहुतेक ‘अ’ आणि ‘द’ आजीच्या नियमाने सुटतात. नवे माणूस, नवी वस्तू प्रथम आली की ‘अ’. तीच पुन्हा आली की ‘द’. म्हणजे उपपद हे सुट्या वाक्याचे व्याकरण नसून मुख्यतः परिच्छेदाचे व्याकरण आहे. सुट्या वाक्यांवर सराव करणाऱ्या मुलाला ते का जमत नाही, याचे कारण येथे आहे.

‘आम्ही’ आणि ‘आपण’ यांविषयी एक सूचना अर्ज लिहिणाऱ्यांसाठी. मराठीत ‘आम्ही’ म्हटले की ऐकणारा वगळला जातो, ‘आपण’ म्हटले की तो आत येतो. इंग्रजीत दोहोंना ‘वी’. म्हणून अर्जाच्या पहिल्याच वाक्यात ‘वी’ म्हणजे कोण, कोठे राहणारे, किती कुटुंबे, ते लिहून टाकावे आणि शेवटपर्यंत त्याच अर्थाने ‘वी’ वापरावे. मध्येच ‘आय’ आणि मध्येच ‘वी’ करू नये. शब्दांचा क्रम, शब्दयोगी अव्यये मागे न येता पुढे येणे, हे तुम्ही शाळेत शिकताच. त्यात मी वेळ घालवीत नाही.

आता प्रत्यक्ष परिच्छेदाकडे येऊ. आईविषयी आठ ओळी लिहा, असे मी एकदा सांगितले असता जो परिच्छेद माझ्या हाती आला, तसाच येथे देतो. ‘माय मदर सेल्स व्हेजिटेबल्स. शी गेट्स अप ॲट फोर. शी वेन्ट टू द मार्केट अँड बॉट व्हेजिटेबल्स. देन दे आर सिटिंग निअर द स्टेशन. यू कॅन सी हर देअर. माय ब्रदर इज इन द सेव्हन्थ स्टँडर्ड. ही लाइक्स क्रिकेट. आवर हाऊस इज स्मॉल.’

प्रत्येक वाक्य सुटे काढले तर ते उभे राहते. एकत्र ठेवले की कोसळते. आई रोज चारला उठते, पण बाजारात मात्र ती एकदाच कधीतरी गेली होती. मग ती एकटी न राहता अनेक झाली. आदराचे ‘त्या’ येथे ‘दे’ होऊन आले. पुढे ‘यू’ हा कोण, ते कळत नाही. भाऊ आला, त्याचे क्रिकेट आले, आणि आई स्टेशनजवळ बसलेलीच राहिली. वर्गातील मुले हसली, पण मला त्या मुलीचे कौतुक वाटले, कारण तिने खरे लिहिले होते. ‘माय मदर इज अ हाउसवाइफ’ असे पुस्तकातील वाक्य तिने उतरून काढले नव्हते.

आम्ही दोघांनी बसून तो परिच्छेद असा केला. ‘माय मदर सेल्स व्हेजिटेबल्स निअर द स्टेशन. शी गेट्स अप ॲट फोर अँड गोज टू द मार्केट. देअर शी बाइज व्हेजिटेबल्स फ्रॉम द फार्मर्स. बाय सेव्हन शी इज सिटिंग इन हर प्लेस. शी कम्स होम ॲट टू. देन शी कुक्स फॉर अस.’ सहा वाक्ये झाली. पहिल्या वाक्यात सगळा परिच्छेद कशाविषयी आहे ते सांगितले. पुढचे प्रत्येक वाक्य त्याच आईचे आणि त्याच रोजच्या दिवसाचे. भावाला वेगळा परिच्छेद मिळेल, तो कोठे पळून जात नाही.

खरा अभ्यास येथून सुरू होतो. हा परिच्छेद पाठ करावयाचा नाही, तो फिरवावयाचा आहे. दुसऱ्या दिवशी हाच परिच्छेद कालचा करा. आरंभी ‘यस्टरडे’ घाला आणि प्रत्येक क्रियापदाला हात लावा, म्हणजे सोल्ड, गॉट अप, वेन्ट, बॉट, वॉज सिटिंग, केम, कुक्ड. एखादे क्रियापद जुन्या काळात राहिले तर ते लगेच टोचेल. मुलांना पाठ असलेली रूपांची कोष्टके परिच्छेदात का उपयोगी पडत नाहीत, हे त्या दिवशी कळते. कोष्टकात ‘गो-वेन्ट’ येते, पण तीन वाक्यांपूर्वी आपण कोणता काळ धरला होता, याची आठवण कोष्टक देत नाही.

तिसऱ्या दिवशी आईच्या जागी ‘आय’ घाला. आता आईच बोलते आहे. ‘आय सेल व्हेजिटेबल्स निअर द स्टेशन. आय गेट अप ॲट फोर अँड गो टू द मार्केट.’ सेल्स, गेट्स, गोज यांचा शेवटचा ‘स’ गळून पडला. हा ‘स’ आपल्या मुलांच्या हातून सतत सुटतो. ‘ही गो’, ‘शी सेल’ असे लिहिले जाते. मराठीत तो जातो, ती जाते, तू जातोस, ते जातात, असे कर्त्याप्रमाणे रूप थोडेथोडे बदलते. इंग्रजीत वर्तमानकाळी फक्त ‘ही’, ‘शी’, ‘इट’ यांच्यापुढेच क्रियापद बदलते, म्हणून ते विसरते. एकच परिच्छेद ‘शी’चा ‘आय’ आणि ‘आय’चा ‘शी’ असा आठ-दहा वेळा फिरविला की हात आपोआप थांबतो. या फिरविण्याचा आणखी एक परिणाम मी पाहिला. त्या मुलीने ‘आय गेट अप ॲट फोर’ लिहिले आणि ती थोडा वेळ थांबली. मग तिने विचारले, "सर, ही सोमवारी पण उठते. ते कसे लिहू?" म्हणजे आईला सुट्टी नाही, हे तिला लिहावयाचे होते. आम्ही ‘शी डज नॉट टेक अ हॉलिडे’ हे वाक्य जोडले. तो परिच्छेद सात वाक्यांचा झाला.

काळ कधीच बदलू नये असे मात्र मी म्हणत नाही. ‘माय ग्रँडफादर केम फ्रॉम अ स्मॉल व्हिलेज. द व्हिलेज इज नाऊ अंडर द वॉटर ऑफ अ डॅम.’ आजोबा आले ते पूर्वी, गाव पाण्याखाली आहे ते आज. काळ खरोखरच बदलला, म्हणून क्रियापद बदलले आणि ‘नाऊ’ या शब्दाने वाचणाऱ्याला तशी सूचना दिली. गोष्ट बदलली तर रूप बदला. रूप चुकून बदलू देऊ नका.

आता पालकांना सांगावयाचे. तुमच्यापैकी अनेकांना इंग्रजी येत नाही, म्हणून मुलाचा अभ्यास आपण घेऊ शकत नाही, असे तुम्ही मानता. इंग्रजी न येणारी आईसुद्धा परिच्छेद तपासू शकते, असे मी अनुभवाने सांगतो. मुलाने लिहिलेले प्रत्येक वाक्य त्याला मराठीत सांगावयास लावा आणि दोनच प्रश्न विचारा. कोण? केव्हा? ‘ती उठते.’ कोण? आई. केव्हा? रोज. ‘ती गेली.’ केव्हा? काल. येथे आईने थांबवावे आणि विचारावे, आताच तर रोज म्हणालास, मग हे काल कोठून आले? मुलगा वहीकडे पाहील आणि चूक त्याला स्वतःला सापडेल. माझ्या चुलत्यांनी मला हाच प्रश्न अर्ज पाठविण्यापूर्वी विचारला असता, तर चौघांची मजुरी बुडाली नसती. त्यांना इंग्रजीचे एक अक्षरही येत नव्हते, पण प्रश्न बरोबर होता.

घरच्या अभ्यासाचे मोल किती असते, याचे उदाहरण तुम्हांस ठाऊकच आहे. सुभेदार रामजी आपल्या मुलाकडून हॉवर्डची इंग्रजी पुस्तके पाठ करून घेत आणि तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेतून मराठीचे इंग्रजी, इंग्रजीचे मराठी करून घेत. पुढे १९१३ साली तो मुलगा कोलंबिया विद्यापीठात गेला. भाषांतराची ती रीत जुनी झाली असे आजचे काही शिक्षक म्हणतात. इंग्रजी इंग्रजीतूनच शिकावे हे तत्त्व म्हणून ठीक आहे. पण ज्याच्या घरी इंग्रजी बोलणारे कोणी नाही, त्याच्यासाठी दोन्ही भाषा शेजारी ठेवून पाहणे हाच सर्वांत सरळ मार्ग आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. त्यासाठी साहित्यही तुमच्या घरात आहे. १९५७ साली प्रसिद्ध झालेला ‘द बुद्धा अँड हिज धम्मा’ हा ग्रंथ उघडा. खंड, भाग आणि प्रकरणे अशी त्याची मांडणी असून त्यांत क्रमांक घातलेली लहान लहान विधाने आहेत. मराठी अनुवाद शेजारी ठेवा. रोज पाच विधाने घ्या. इंग्रजी वाचा, झाका, मराठीवरून पुन्हा इंग्रजी लिहा आणि मग मूळाशी ताडून पाहा. कोठे ‘अ’ होता आणि तुम्ही ‘द’ लिहिले, कोठे काळ फिरला, ते तेथेच दिसेल. एवढ्या साध्या आणि लहान वाक्यांत गंभीर विषय कसा मांडता येतो, हेही दिसेल. लांबलचक वाक्य म्हणजे उत्तम इंग्रजी, ही समजूत तेवढीच कमी होईल.

मुलाखतीला किंवा जबाबाला जाणाऱ्यांसाठी एक धोका सांगून ठेवतो. ‘डिड यू नॉट गो?’ असे विचारले असता आपण मराठी मनाने ‘यस’ म्हणतो. म्हणजे ‘हो, तुम्ही म्हणता ते खरे, मी गेलो नाही’. इंग्रजीत ‘यस’चा अर्थ ‘मी गेलो’ असा होतो. न गेलेल्याने ‘नो’ म्हणावयाचे असते. संशय असेल तेथे ‘यस-नो’वर न थांबता ‘आय डिड नॉट गो’ असे पूर्ण वाक्य बोलावे आणि लिहिताना तर पूर्ण वाक्यच लिहावे.

तरुण मंडळींच्या मनातील प्रश्न मला दिसतो. हातातील मोबाईल चुका दाखवितो, सांगाल तो परिच्छेद तयार करून देतो, मग हा खटाटोप कशाला? यंत्राचा उपयोग जरूर करा, मीही करतो. शब्दाचे स्पेलिंग, क्रियापदाचे रूप ते चटकन दाखविते. पण नववीतील माझे वाक्य त्या यंत्रापुढे ठेवा. ‘द मुकादम सेड दॅट आय हॅव टेकन द वेजेस.’ व्याकरणाने ते वाक्य धड आहे. त्यात चूक दिसण्याचे यंत्राला कारणच नाही. मजुरी कोणी घेतली हे यंत्राला ठाऊक नव्हते. ते माझ्या चुलत्यांना ठाऊक होते आणि लिहिणाऱ्याने त्यांना विचारावयास हवे होते. म्हणून आधी स्वतः लिहा, आईपुढे ‘कोण’ आणि ‘केव्हा’ यांची परीक्षा द्या, आणि त्यानंतर यंत्राकडे जा. उलट क्रमाने गेलात तर दुसऱ्याने लिहिलेल्या अर्जाखाली अंगठा उठविणे आणि यंत्राने लिहिलेल्या परिच्छेदाखाली सही करणे यांत फारसा फरक राहणार नाही.

दुरुस्तीविषयी शिक्षकांना व मोठ्या भावंडांना विनंती आहे. वहीवर लाल शाईचा पाऊस पाडू नका. एका आठवड्यात फक्त काळ पाहा, दुसऱ्या आठवड्यात फक्त ‘कोण’, तिसऱ्यात ‘अ’ आणि ‘द’. एका परिच्छेदात वीस चुका दाखविल्या की मूल लिहिणेच सोडते, किंवा त्याहून वाईट म्हणजे, चुकणार नाहीत अशी तीन-चार पाठ वाक्ये जन्मभर लिहीत राहते. रोज सहा ते आठ वाक्ये पुरेत. एक दिवस चाळीस ओळी आणि मग पंधरा दिवस काही नाही, हा अभ्यास नव्हे. विषयासाठी पुस्तकात जाऊ नका. नळाला पाणी किती वाजता येते, दाखल्यासाठी कचेरीत गेलो तेव्हा काय झाले, वडिलांच्या कामाचा दिवस कसा जातो, हे विषय घ्या. त्यांतील ‘कोण’ आणि ‘केव्हा’ तुम्हांला पक्के ठाऊक असते, म्हणून तपासणी सोपी जाते.

पुढील रविवारी प्रत्येक विद्यार्थ्याने एक वही आणावी. डाव्या पानावर घरातील एका माणसाचा दिवस सहा वाक्यांत लिहावा. उजवे पान कोरे सोडावे. तेथे आपण तोच दिवस कालचा करणार आहोत. ज्याच्याविषयी लिहिले असेल त्या माणसाला शक्य असेल तर बरोबर आणावे. माझी भाजीवाली विद्यार्थिनी येणार आहे आणि तिची आई दोननंतर येऊ शकते, म्हणून वर्ग सकाळी न भरता दुपारी तीनला भरेल.